कुमुदवहिनीचा आवाज

काउंटरवरचं निळं यंत्र श्रीरंगदादाने हातात घेतलं, अंगठ्याने त्याच्या कडा चाचपल्या आणि मधलं बटण दाबून धरलं. यंत्र बोललं, “नमस्कार. बॅटरी भरलेली आहे.”

दादाचा अंगठा तिथेच थांबला. मीही जागच्या जागी थिजले. तो आवाज दादाच्या बायकोचा होता, आणि कुमुदवहिनीला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

दुकानदाराला बिचाऱ्याला काय कल्पना. गिऱ्हाईक खूश झालंय असं समजून तो उत्साहाने सांगायला लागला, की दृष्टिहीन लोकांसाठी खास बनवलेला प्लेअर आहे, गाणी, धडे, पुस्तकं सगळं बोलून सांगतो, पुण्याच्या कंपनीचा आहे. आवाज तर कुणा मोठ्या आर्टिस्टचा, स्टुडिओत रेकॉर्ड केलेला. मी खोका उचलून वाचला. वर ‘श्रवणी’ असं झोकदार नाव आणि खाली बारीक अक्षरांत, संपूर्ण संशोधन व निर्मिती, कौस्तुभ राजहंस. ते नाव वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी म्हटलं, दादा, चल इथून. तो हलेना. त्याने इअरफोन मागून घेतला, कानात घातला आणि एकेक बटण दाबत ऐकत राहिला. दुकानात माणसं आली, गेली. मी दारात उभी राहून दातओठ खात होते. शेवटी त्याने यंत्र खाली ठेवलं, दुकानदाराचे आभार मानले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आला. मारुती चौक ओलांडल्यावर म्हणाला, “वैजू, तिला तिथनं बाहेर काढायचं.”

आता हे सगळं काय ते सांगायला हवं. मी तेव्हा सांगलीत पॉलिटेक्निकला शिकवायचे, आणि उरलेल्या वेळात एक फुकटचा उद्योग करायचे. खिशातल्या म्युझिक प्लेअरच्या पोटात कंपनीने घातलेलं एक सॉफ्टवेअर असतं, त्याला फर्मवेअर म्हणतात. ते काढून त्याच्या जागी आपण लिहिलेलं घालायचं, म्हणजे त्याच यंत्राला नव्या गोष्टी करता येतात. आमच्या फर्मवेअरचं नाव ‘मोकळीक’. लिहिणारे जगभर विखुरलेले. हॅम्बुर्गचा योर्गन, ब्राझीलची बेआत्रिझ, सांगलीची मी. कुणी कुणाला पाहिलेलं नाही, पगार कुणालाच नाही. लिहिलेलं सगळं, म्हणजे कोड, उघड्यावर. कुणीही घ्या, वापरा, बदला, हवं तर विका. अटी दोनच. ज्यांनी केलं त्यांची नावं पुसायची नाहीत आणि कोड कुलपात घालायचा नाही. अट मोडली की वापरायचा हक्क संपला, आणि ज्याचं काम त्याने स्वतः पुन्हा परवानगी दिल्याशिवाय तो परत मिळत नाही.

माझा थोरला भाऊ श्रीरंगदादा बँकेत टेलिफोन ऑपरेटर होता, जन्मापासून अंध. तो एकदा माझ्या मागे लागला, की ही तुमची यंत्रं आम्हाला बोलून का नाही दाखवत? मग आम्ही ती बोलती केली. इंग्रजी, जर्मन आवाज आधी आले. मराठीसाठी आवाज कुणाचा, असा प्रश्न निघाल्यावर दादा म्हणाला, घरात आहे की. कुमुदवहिनी बालवाडीत शिकवायची. स्वच्छ, ठसठशीत बोलणं. बाहेरच्या रिक्षा ऐकू येऊ नयेत म्हणून ती डोक्यावरून दोन गोधड्या घेऊन मायक्रोफोन पुढ्यात धरून बसायची आणि ‘पुढे’, ‘मागे’, ‘आवाज वाढवा’ असे शेकडो शब्द म्हणायची. घामाने निथळत बाहेर यायची आणि विचारायची, “बरं झालं का गं? परत म्हणू?” सगळा उन्हाळा तिने त्यात घातला. पुढच्या पावसाळ्यात आजार निघाला आणि त्यानंतरची दिवाळी तिला मिळाली नाही. दादाच्या खिशातल्या जुन्या प्लेअरमध्ये मात्र ती रोज बोलायची. तो गाणी कमी आणि मेनू जास्त ऐकायचा, आणि हे मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं.

आणि राजहंस? तो आमच्यातलाच. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मला मेल पाठवून शिकायला आला. बारीक अंगाचा, गोड बोलणारा. पुण्याहून यायचा तो दादाच्याच घरी उतरायचा. वहिनीच्या हातचं पिठलं ताटभर खायचा आणि वर म्हणायचा, वहिनी, अजून एक भाकरी. कोड कसा वाचायचा ते मी शिकवलं, यंत्र न बघता कसं वापरतात ते दादाने शिकवलं. वहिनी गेली तेव्हा रडला होता चांगला. नंतर त्याचे मेल कमी झाले, मग बंद झाले, आणि आता ते निळं यंत्र.

त्याच संध्याकाळी मी त्याला फोन केला. तो अजिबात गडबडला नाही. म्हणाला, “अहो वैजूताई, फुकटात वाटलेल्या गोष्टीची चोरी कशी होईल?” मी अटी सुनावल्या. तो हसला आणि म्हणाला, की अटी कोण वाचतं, आणि कोर्टात जायचं तर जा, तुमचे योर्गन-बियोर्गन येणार आहेत का सांगलीला साक्ष द्यायला? हे सगळं मी गिळलं असतं. पण शेवटी तो म्हणाला, “आणि वहिनींचं म्हणाल, तर त्या असत्या तर त्यांना आनंदच झाला असता.” मी फोन आपटला. त्या क्षणी मी ठरवलं, की ह्या माणसाचा वचपा काढल्याशिवाय राहायचं नाही.

वचपा काढायची वाटही समोरच होती. राजहंस आळशी झाला होता. आम्ही काही नवीन लिहिलं की तो ते न वाचता उचलायचा, वरची नावं पुसायचा आणि आपल्या यंत्रात ओतायचा. आमच्या चुका, आमच्या दुरुस्त्या, सगळं जसंच्या तसं. म्हणून मी थोड्या ओळी लिहिल्या. दिसायला साध्या, पोटात विष. ‘श्रवणी’ यंत्रात त्या गेल्या, की ठरलेल्या दिवशी महाराष्ट्रातलं प्रत्येक निळं यंत्र फक्त एकच वाक्य बोलणार होतं, हा चोरीचा माल आहे. दुसरं काही नाही. गाणी बंद, धडे बंद, सगळं बंद. त्याच्या दारात लोकांची रांग लागलेली मला डोळ्यांपुढे दिसायची आणि मला फार बरं वाटायचं.

पण आमच्यात एक रीत होती. स्वतः लिहिलेलं स्वतः आत घालायचं नाही. दुसऱ्याने तपासून होकार दिला तरच ते आत जायचं. मराठीच्या भागाचा तपासनीस होता श्रीरंगदादा. तो कोड ऐकायचा, कॉम्प्युटरला इतक्या वेगाने वाचायला लावून की मला एक अक्षर कळत नसे. माझ्या त्या ओळी त्याने एकदा ऐकल्या आणि कॉम्प्युटर थांबवला.

“हे यंत्र कुणाच्या खिशात आहे, वैजू?”

मी म्हटलं, कुणाच्या का असेना, नाव राजहंसचं बुडेल.

“आमच्या खिशात आहे. अंधशाळेतल्या पोरांचे सगळे धडे त्यात आहेत. परीक्षेच्या तोंडावर ते बंद पडलं तर राजहंसचं काय जाणार? पोरं रडतील. होकार नाही.”

मी चिडले. म्हटलं, मग तू काय करणार, बसून ऐकत राहणार का त्याच्या यंत्रात तुझी बायको? नको ते बोलले म्हणता येईल, पण मला तेव्हा तसंच वाटत होतं आणि मी ते बोलून टाकलं.

पंधरवड्याने कळलं ते भलतंच. पुण्यातल्या एका प्रतिष्ठानाने राजहंसला पुरस्कार जाहीर केला, आणि त्या समारंभात यंत्र वापरून दाखवायला त्याने कुणाला बोलवावं? श्रीरंगदादाला. वर शाल-श्रीफळ देऊन सत्कार. निर्लज्जपणाची कमाल म्हणजे त्याने फोनवर सांगितलं, की दादा, तुमच्याइतकं हे यंत्र कुणालाच येत नाही. आणि दादा हो म्हणाला. मी त्याच्या घरी जाऊन तोंडावर सांगितलं, की शालीसाठी तू वहिनीला विकलंस. तो म्हणाला, “एवढ्या खेपेला माझ्याबरोबर चल. मग आयुष्यात बोलू नकोस.”

मी गेले. का गेले ते माझं मलाच कळलं नव्हतं.

सभागृह भरलेलं होतं. पुढच्या रांगांत पाहुणे, पत्रकार, प्रतिष्ठानाची मंडळी. मागे अंधशाळांमधून आणलेली मुलं-मुली आणि बरेच मोठे लोक, बहुतेकांच्या गळ्यात ते निळं यंत्र. राजहंस कोट घालून आला होता. त्याने भाषण केलं. एका खोलीत, एकट्याने, कुणाच्याही मदतीशिवाय कसं हे यंत्र घडवलं ते त्याने असं काही सांगितलं, की शेजारच्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. माझ्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेचे मी बारीक तुकडे केले.

मग दादाला हाताला धरून मंचावर नेलं. यंत्राची वायर सभागृहाच्या स्पीकरला जोडली, त्याचा छोटा पडदा मागच्या मोठ्या पडद्यावर दिसू लागला. दादा बटणं दाबत गेला. गाणी. धडे. पुस्तकं. आवाज वाढवा. आवाज कमी करा. एवढ्या मोठ्या सभागृहात कुमुदवहिनी बोलत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. राजहंस बाजूला उभा राहून मान डोलावत होता. शेवटी त्याने दादाच्या पाठीवर थाप मारली, म्हणजे आता पुरे.

दादा माइकमध्ये म्हणाला, “एक राहिलं. सगळ्यात खालचं.”

पडद्यावर सगळ्यात खाली लिहिलं होतं, ‘आमच्याविषयी’. दादाने ते उघडलं. पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं आणि खाली राजहंसचं नाव. तो हसला. आणि त्याच वेळी स्पीकरमधून वहिनी बोलायला लागली.

“हे काम सगळ्यांनी मिळून केलं आहे. लेखन, योर्गन, हॅम्बुर्ग. बेआत्रिझ, ब्राझील. वैजयंती कुलथे, सांगली.”

मला क्षणभर कळेचना. मग लख्ख कळलं. पडद्यावरची अक्षरं एका फाइलमध्ये असतात आणि बोलायचं सगळं दुसऱ्या फाइलमध्ये. राजहंसने नावं पुसली होती ती पडद्यावरची. डोळे असलेला माणूस तो. त्याला मेनू दिसत होता, म्हणून त्याने तो कधी शेवटपर्यंत ऐकलाच नव्हता. आणि मी तरी काय, मीही डोळसच. दादाला मात्र हे त्या दुकानात, पहिल्या दिवशीच, इअरफोनमध्ये ऐकू आलं होतं. मला सांगितलं असतं तर मी त्याच संध्याकाळी फोनवर राजहंसच्या तोंडावर ते फेकलं असतं आणि त्याने रातोरात पुसून टाकलं असतं. माझा स्वभाव दादाला पुरता ठाऊक होता.

“साहाय्य, कौस्तुभ राजहंस, पुणे,” वहिनी म्हणाली.

पहिल्या रांगेतले एक पत्रकार मोठ्याने हसले. राजहंसचा चेहरा पांढराफटक पडला. तो धावला आणि त्याने स्पीकरची वायर उपटली. वहिनीचं बोलणं मध्येच तुटलं.

आणि मागच्या रांगांतून एका मुलीचा आवाज आला. “तपासणी, श्रीरंग पाटणे, सांगली.”

तिच्याबरोबर दुसरं कुणी, मग चार जण, मग सगळी मागची बाजू. ते त्यांना पाठ होतं. यंत्र शिकताना ते सगळा मेनू वरपासून खालपर्यंत ऐकत, एकदा नाही, दहादा. ती नावं कंपनीतल्या माणसांची आहेत असंच त्यांना वाटत आलं होतं. थांबवायचं कारण त्यांना कळलं नव्हतं, म्हणून त्यांनी आपलं पूर्ण केलं. सगळे मिळून म्हणाले, “आवाज, कुमुद पाटणे, सांगली.”

दादाने माइक पकडून ठेवला होता. “ही कुमुद माझी बायको,” तो म्हणाला. “ती स्टुडिओत कधी गेली नाही. हे यंत्र ह्यांनी एकट्याने केलेलं नाही, ते तुम्हाला पाठच आहे. ह्यापुढे ज्यांना तिचा आवाज हवा त्यांनी आपलं यंत्र घेऊन आमच्याकडे यायचं. ह्या वैजयंती मॅडम मूळचं ‘मोकळीक’ घालून देतील. तुमचे धडे जागच्या जागी राहतील.”

प्रमुख पाहुण्यांनी राजहंसकडे पाहिलं, राजहंसने जमिनीकडे. पुरस्काराचं तबक टेबलावर तसंच राहिलं. पत्रकार मंचाच्या पायऱ्या चढायला लागले तसा राजहंस मागच्या दाराने निसटला. मला नाचावंसं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

मी दादाला घेऊन मागच्या जिन्याशी आले तर राजहंस तिथेच उभा. हातात ते यंत्र, टाय सैल केलेला. शाळांची मोठी ऑर्डर ह्या पुरस्कारावर अडकली होती, ती आता जाणार हे त्याला कळून चुकलं होतं. तो दादाच्या पायाशी वाकला. म्हणाला, की सगळ्यांची नावं टाकतो, कोड उघडा करतो, योर्गन वगैरेंची माफी मागतो, ते देतील परवानगी. वहिनींच्या मागे आवाजाचा हक्क तुमचा, फक्त त्याची परवानगी तुम्ही द्या.

“कोडचं तुमचं तुम्ही बघा,” दादा म्हणाला. “आवाज मी देत नाही.”

“लोकांना दुसरा आवाज चालणार नाही, दादा. वहिनींचीच सवय आहे.” मग त्याने मान वर केली आणि हळूच म्हणाला, “आणि वहिनींनी तो सगळ्यांसाठी दिला होता. तुम्हालाही ते माहीत आहे.”

हे खरं होतं, आणि ते वर्मी लागलं. दादाचा चेहरा उतरला. मला वाटलं आता हा विरघळणार, आणि मी दादाचा दंड घट्ट धरला.

“सगळ्यांना दिला,” दादा म्हणाला. “तुलाही दिला होता. तुला जेवूपण घातलं. आण ते यंत्र इकडे.”

राजहंसने यंत्र दिलं. वायर आता नव्हती, त्यामुळे त्याच्या छोट्या स्पीकरमधून वहिनी अगदी जवळून बोलायला लागली. दादा खाली खाली जात एका कप्प्याशी पोचला, जिथे गाण्यांसारखीच आवाजाची फाइल ठेवलेली असते. ‘आवाज, मराठी,’ वहिनी म्हणाली. दादाने बटण दाबून धरलं.

काहीही काढून टाकण्याआधी यंत्र विचारतं. मी वहिनीला लिहून दिलं होतं, ‘फाइल काढून टाकायची आहे का?’ वहिनीने गोधडीखाली बसून ते तसं म्हटलंच नाही. बालवाडीतल्या पोरांना विचारावं तसं तिने आपल्या मनाने विचारलं होतं, आणि ते इतकं छान वाटलं की आम्ही बदललं नव्हतं.

“काढून टाकू? नक्की ना?” वहिनी म्हणाली.

दादा काही करेना. कुणी बटण दाबलं नाही तर ती थोड्या वेळाने पुन्हा विचारते.

“काढून टाकू? नक्की ना?”

“दादा, नको,” राजहंस म्हणाला.

दादाने हो दाबलं. मग यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पडदा उजळला, पण नमस्कार आला नाही. त्याने ते राजहंसच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, “बाकीच्यांतनं पण असंच काढ.”

राजहंसने बटणं दाबून पाहिली, एकामागून एक, सगळी. मला त्याची कीव आली नाही, आजही येत नाही. मी दादाला जिन्यावरून खाली आणलं. रस्त्यावर आल्यावर त्याने खिशातून आपला जुना प्लेअर काढला आणि मधलं बटण दाबून धरलं.